ती मात कुणाला दिसली होती

दादा, तुझ्या शोकसभेत मी तमाशा केला असं सगळी सांगली म्हणते आहे. सगळी म्हणजे बुद्धिबळ खेळणारी, तीस-चाळीस माणसं. पण तुझी सांगली तेवढीच होती.

झालं असं. मंडळाच्या खोलीत तुझ्या फोटोला हार घातला होता. एकेक जण उठून तुझ्याबद्दल चांगलं बोलत होता आणि मी पहिल्या रांगेत कमल वहिनीशेजारी मान खाली घालून ऐकत होते. एकाहत्तरच्या लढाईत पायात छर्रे घेऊन तू परत आलास, विश्रामबागेतल्या त्या दोन खोल्यांत तू किती जणांना खेळ शिकवलास, तू कधी कुणाला हिणवलं नाहीस. हे शेवटचं साफ खोटं होतं, तरी मी गप्प बसले. मग मंडळाचे चिटणीस उठले आणि त्यांनी ती गोष्ट काढली. सख्ख्या बहिणीला शेवटच्या डावात सोडून देणारा दिलदार माणूस, असं ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मागं कुणीतरी हसलंसुद्धा, प्रेमानं हसतात तसं.

मी उठले. भिंतीवर तो मोठा पट टांगलेला होता, खिळ्यांना सोंगट्या अडकवायचा. मी त्यावर आपला डाव मांडला. एकही घर आठवावं लागलं नाही. मग चाली करून दाखवल्या. घोड्यानं बाजूला उडी मारली की त्याचा शह आणि मागून वजिराचाही शह, राजाला कोपऱ्यातच जावं लागतं. मग माझा वजीर उचलून तुझ्या राजाला अगदी खेटून ठेवला. वजिराला घोड्याचं पाठबळ, म्हणून राजाला तो मारता येत नाही, हत्तीनं मारायचा. हत्तीनं मारला की राजाच्या चहूबाजूंनी त्याचीच माणसं. घोडा परत पहिल्या जागी उडी मारतो आणि शह देतो. राजाला हलायला घर नाही.

"ही मात मला त्या दिवशी दिसली होती," मी म्हणाले. "दादानं बरोबरी मागितली म्हणून मी खेळले नाही. त्यानं मला सोडलं नाही. मी त्याला सोडलं."

एक म्हातारे सभासद हळूच म्हणाले की बाई, आज ही वेळ नव्हे. मी म्हणाले, त्यानं दुसरी वेळ ठेवली नाही. आणि जागेवर येऊन बसले. वहिनी समोर बघत होती. पुढं कुणी भाषण केलं नाही. चहा आला, तो सगळ्यांनी उभ्या उभ्या घेतला.

मला पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर मी माफी मागायला बसले आहे असं तुला वाटेल.

तू मला शिकवलंस ते मात्र मी नाकारत नाही. लष्कराच्या दवाखान्यातून तू काठी टेकत गावी आलास तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते. पलटणीत कुणा बंगाली हवालदारानं तुला हा खेळ शिकवला होता. गावात तुझ्याशी खेळायला कुणी नव्हतं, म्हणून तू मला समोर बसवलंस. पण खेळला नाहीस. दोन महिने तू मला एकही पूर्ण डाव खेळू दिला नाहीस. पाच-सहा सोंगट्या मांडायचास आणि म्हणायचास, "पांढऱ्याची चाल. दोन चालीत मात. हुडीक." मी कंटाळून म्हणाले की मला डाव खेळायचाय, तेव्हा तू म्हणालास की डाव खेळून नुसती खोड लागते, नजर कोड्यांनी येते.

तुझी शिस्त अजून माझ्या हाडात आहे. आधी सगळे शह बघायचे, कितीही खुळे वाटले तरी. मग सगळ्या मारामाऱ्या. मग धमक्या. चाल सापडली की दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचं आणि तिच्याहून चांगली शोधायची. मी घाईनं सोंगटीला हात लावला की तू हातावर पट्टी मारायचास. जोरात मारायचास, दादा. तू शिपाई होतास आणि मी वीस वर्षांची बाई होते.

मला साताऱ्याला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली ती तुझ्यामुळं, हेही लिहून टाकते. आबांनी तोवर म्हसवडकडचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. पलटणीतून निवृत्त झालेला आपला बाप घरातही हुकूम सोडायचा. तू त्यांच्यापुढं अर्ज ठेवलास आणि म्हणालास, "आबा, हिला लगीन कवाबी करता यील. सरकारी नोकरी परत यायची न्हाई." आबांनी सही केली. तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. मी आत जाऊन रडले होते.

मग तू सांगलीत कारकून झालास, लग्न केलंस आणि पोस्टकार्डं सुरू झाली. दर आठवड्याला एक. पट्टीनं आखलेला पट, त्यात शाईनं सोंगट्यांची अक्षरं, खाली एक ओळ: तीन चालीत मात, किंवा पांढरा जिंकतो, कसा? ख्यालीखुशाली एका शब्दाची नाही. मी उत्तर पाठवायची. बरोबर असलं तर पुढच्या कार्डावर नवं कोडं यायचं. चुकलं असलं तर तोच पट पुन्हा आखून खाली तू लिहायचास, "परत बघ." आमच्या एक्स्चेंजमधल्या बाया विचारायच्या की हे कुणाचं पत्र. मी म्हणायची, भावाचं. त्यांना खरं वाटायचं नाही.

अशी तीन वर्षं गेल्यावर तू म्हणालास की सांगलीच्या स्पर्धेत नाव दे. त्या स्पर्धेत मी एकटीच बाई होते. पहिल्या डावात समोरच्या माणसानं पंचांना विचारलं की हिच्याशी खरंच खेळायचं का. तो चोवीस चालींत हरला. मी दोन हरले, तीन जिंकले, आणि शेवटच्या फेरीत माझ्यासमोर तू आलास. तुला पहिला नंबर यायला अर्धा गुण पुरे होता. मी जिंकले असते तर तू तिसरा आला असतास.

त्या दिवशी आबा आले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हा खेळ बघितला. फेटा बांधून, काठीवर हात ठेवून ते दोरीपलीकडच्या खुर्चीवर बसले होते आणि दोन्ही बाजूंना आपलीच पोरं म्हणून शेजारच्याला सांगत होते.

अठराव्या-एकोणिसाव्या चालीला माझा घोडा तुझ्या राजाच्या दाराशी येऊन बसला. वजीर लांबच्या तिरक्या पट्टीवर होता. माझी चाल होती. तू पटावरून मान वर न करता पुटपुटलास, "बरोबरी घे. आबा बसल्यात. त्यांच्या म्होरं भावाला पाडणार हायस व्हय?"

मी हात पुढं केला.

बक्षिसाच्या वेळी तुला दोन शब्द बोलायला सांगितलं. तू काठी टेकत ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "शेवटच्या डावात बहीण व्हती समोर. सोडली तिला. मला घरी जायाचं हाय की." सगळा हॉल हसला. आबा हसले. मीही हसले, दादा, कारण सगळे माझ्याकडं बघत होते आणि दुसरं काही करता येईना. ढाल हातात घेतलेला तुझा तो फोटो पेपरात आला. मी मागं अर्धी दिसते.

दुसऱ्या दिवशी आपण तिघं औंधच्या यमाईच्या यात्रेला निघालो. आबा ड्रायव्हरमागं बसले होते, आपण दोघं मागच्या बाकावर. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. मी पर्समधून तो छोटा पट काढला, डाव मांडला आणि तुला मात करून दाखवली. तू शेंगा खात होतास. खायचं थांबलास. नीट बघितलंस आणि म्हणालास, "व्हय, मात हाय की. पण तुला तवा दिसली न्हवती. आत्ता दिसली."

"तेव्हाच दिसली होती."

"मग खेळली का न्हाईस?"

"तू आबांचं नाव काढलंस म्हणून."

तू शेंगांची टरफलं खिडकीतून टाकलीस. "शाले, तुला मात दिसली असती तर तू बापाचं सोड, यमाईचंबी ऐकलं नसतंस."

आपलं भांडण एवढंच. चार वर्षं एवढंच. भाऊबीजेला ओवाळताना तू म्हणायचास, न्हवती दिसली. मी म्हणायची, होती. वहिनीला वाटायचं आपण चेष्टा करतोय. मी चेष्टा करत नव्हते. मी तुझा सूड घ्यायचं ठरवलं होतं आणि तो कसा घ्यायचा हेही तूच मला शिकवून ठेवलं होतंस.

तुझ्या पोस्टकार्डांवरची कोडी मी सोडवायची बंद केली. पाच-सहा कार्डांना उत्तर गेलं नाही तेव्हा तूही पाठवायचा थांबलास. मी मुंबईच्या मासिकांचे जुने अंक मिळवले, त्यातली कोडी कापून जाड कागदावर डकवली, मागं उत्तर लिहिलं. रोज सकाळी स्टोव्हवर पाणी तापेपर्यंत दहा. जी चुकायची ती वेगळ्या डब्यात आणि दर रविवारी तो डबा पुन्हा पहिल्यापासून. ड्यूटीवर कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड, आणि दोन ट्रंक कॉलच्या मधे मी डोक्यातल्या डोक्यात घोडे नाचवायची. पहिल्या वर्षी तीन चालींचं कोडं पटाशिवाय सुटायचं नाही. तिसऱ्या वर्षी पाच चालींचं सुटायला लागलं. प्रत्येक कोड्यातला काळा राजा तू होतास. हे मी अलंकारानं म्हणत नाही. मी खरंच त्याला दादा म्हणायची. "आता कुठं जाशील, दादा," असं मी एकदा मोठ्यानं म्हणाले तर शेजारच्या बोर्डवरच्या बाईनं विचारलं, कुणाशी बोलतेस?

आणि तू खेळेनास. सांगलीला आले की मी पट मांडायची, तू उठून मोरीत जायचास. कधी पाय दुखायचा, कधी कुणाकडं जायचं असायचं. बहिणीशी काय खेळायचं, असं तू एकदा म्हणालास. ज्यानं मला शिकवलं त्यानंच.

आणीबाणी उठली त्या वर्षी साताऱ्याला स्पर्धा झाली. तू नाव दिलंस, कारण मी देणार नाही असं तुला कुणीतरी सांगितलं होतं. तिसऱ्या फेरीत चिठ्ठ्या लागल्या, माझ्या नावासमोर तुझं नाव. मी त्या दिवशी नवं लुगडं नेसून गेले. पंचांनी तुझं घड्याळ सुरू केलं. मी तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर एक तास बसले. पूर्ण एक तास. मग पंचांनी माझ्या नावापुढं एक गुण मांडला आणि मी चाली लिहायचा कागद फाडून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी तुझा ट्रंक कॉल आला, तो माझ्याच बोर्डवर. ताप आला होता म्हणालास. वहिनीनं नंतर सांगितलं, ताप नव्हता. तू घरात बसून पेपर वाचत होतास आणि दुपारी जेवला नाहीस.

त्या स्पर्धेत मी दुसरी आले. तुझं अभिनंदनाचं कार्ड आलं नाही.

मग यंदा तुझ्या पोटात पाणी झालं. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं आहे आणि डॉक्टर काही स्पष्ट बोलत नाहीत, असं वहिनीनं कळवलं. मी रजा टाकून आले. पिशवीत मोसंबी होती आणि पट होता. कॉटवर तू एवढासा झाला होतास, डोळे हळदीसारखे. मला बघून म्हणालास, "पट आणलाय न्हवं? मांड."

वहिनी मोसंबी सोलायला व्हरांड्यात गेली. दुपारचे तीन वाजले असतील, खिडकीतून ऊन तुझ्या चादरीवर पडलं होतं. तू पांढऱ्या सोंगट्या घेतल्यास. पहिल्या दहा चाली तू झरझर केल्यास, पूर्वीसारख्या. मग तुला हात उचलवेना आणि मी तुझ्या सोंगट्या तू सांगशील तिथं ठेवायला लागले. माझ्या मनात दया आली का? आली असती तर मी लिहिलं असतं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते आणि चांगल्या चालीहून चांगली शोधत होते. चोविसाव्या चालीला मी हत्ती दिला. तू तो घेतलास. घेतला नसतास तरी तेच होतं. आणखी तीन चाली आणि मात.

तू सगळ्या पटावरून नजर फिरवलीस. मग मला म्हणालास, "लय पुढं गेलीस गं." त्यात कुजकेपणा नव्हता. तू खूश झाला होतास. चार वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो आला आणि समोर तू मास्तरासारखा खूश होऊन पडलेला. मला ते नको होतं. मला तू हरायला हवा होतास.

म्हणून मी विचारलं. "दादा, आता खरं सांग. त्या दिवशी तुला मात दिसली होती म्हणून तू बरोबरी मागितलीस. होय की नाही?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग तसाच डोळे मिटून म्हणालास, "तू आदी सांग. तुला दिसली हुती?"

"होती."

"मग मलाबी कायसुदिक दिसलं न्हवतं," तू म्हणालास आणि हसलास.

वहिनी मोसंबीच्या फोडी घेऊन आली. मी पट आवरला. संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला परत गेले आणि आठव्या दिवशी तार आली.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी विश्रामबागेत वहिनीला भेटायला गेले. जाताना वाटत होतं की आता ती मला दारातूनच परत पाठवणार. तिनं मला आत घेतलं, पाट दिला. तुझ्या कोटाचे खिसे रिकामे करायचं काम चाललं होतं. मग म्हणाली, "वन्सं, एक इचारू का? तवा खरंच दिसली हुती का वं ती चाल तुमास्नी?"

"व्हय, वहिनी."

"मग बरं केलंसा." ती कोटाची घडी घालत होती. "समद्यांनी नुसतं गोड गोड बोलून पार कुनी दुसराच मानूस करून टाकला हुता त्यांचा."

ती माझ्या बाजूनं बोलली आणि मला तिथं बसवेना. चहा न घेताच मी निघाले.

दादा, मला ती मात दिसली नव्हती.

तू तीन वेगवेगळ्या कार्डांवर तीच मात मला पाठवली होतीस. तिन्ही वेळा मी एकदा तरी चुकले होते, तिन्ही वेळा तू "परत बघ" लिहिलं होतंस. आणि ती प्रत्यक्ष माझ्यासमोर पटावर उभी राहिली तेव्हा मी पटाकडं बघतच नव्हते. आबा शेजारच्याला काय सांगतायत हे मी बघत होते. त्यांच्या तोंडी माझं नाव होतं. तू बरोबरी मागितलीस तेव्हा मला राग आला नाही; मला आनंद झाला. तुझ्याशी बरोबरी! सगळ्या हॉलसमोर, आबांसमोर, तुझ्याशी. मी हात पुढं केला तो केवढ्या घाईनं केला हे तुला माहीत आहे, कारण तुझा हात तोवर वर आलाही नव्हता.

मग तू ध्वनिक्षेपकावर बोललास आणि तो आनंद माझ्याकडून काढून घेतलास. त्या रात्री मी डाव मांडून बसले नाही, मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत, इस्लामपूरच्या पुढं कुठंतरी, डोक्यात सोंगट्या आपोआप हलल्या आणि मात दिसली. तेव्हा मला कळलं की तुला ती आधीच दिसली होती आणि तू घाबरला होतास. घाबरलेला माणूस बहिणीला सोडलं म्हणून सांगत होता. कऱ्हाड येईपर्यंत माझं खोटं तयार झालं.

तुला माझं कळलं होतं, मला तुझं. मिरजेत तू दार किलकिलं केलंस, एवढं मला त्याच क्षणी समजलं होतं. मी "नव्हती" म्हणाले असते तर तू "मला दिसली हुती" म्हणाला असतास, आणि वहिनी फोडी घेऊन येईपर्यंत आपलं भांडण मिटलं असतं. पण त्यासाठी आधी मी बोलायला हवं होतं. नेहमीसारखं आधी मी. पाय तुझा अधू, पोट तुझं सुजलेलं, आणि तरी पहिली चाल मीच वाकून करायची. नाही केली. तू मेलास तरी मला ती करावीशी वाटत नाही.

कधीकधी ड्यूटीवर सांगलीचा दिवा पेटतो आणि माझा हात आधी पुढं जातो, मग आठवतं. इतकं रडू येतं की मी शेजारणीला बोर्ड सांभाळायला सांगून बाहेर जाते. ते रडणं वेगळं आणि हे वेगळं.

मंडळानं माझ्याकडून पत्र मागितलं आहे. सभेत जे बोललात ते रागाच्या भरात होतं, एवढं लिहून द्या, म्हणजे विषय संपेल, असं चिटणीस म्हणतात. मी कळवलं आहे की पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत माझं नाव लिहा, आणि पत्र मिळणार नाही. कुणी पटासमोर बसून तोंडावर विचारलं, तर मी त्याला सांगणार आहे की दिसली होती.